आमच्या सोसायटीचं राष्ट्रगीत

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, कोलशेतच्या आमच्या चार विंगांच्या सोसायटीला स्वतंत्र राष्ट्रगीत आहे. देशाच्या राष्ट्रगीताचा कवी शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. आमच्या गीताच्या कवीवरून मात्र दरवर्षी झेंडावंदनानंतरचा चहा गार व्हायचा.

सी विंगचे कर्णिककाका या गीताचे स्वयंघोषित संरक्षक. ते कुठेही कानावर पडलं की काका सावधानमध्ये. एकदा लिफ्टमध्ये मी नुसतं गुणगुणलो, 'चार विंगा, एकच दार, सुखी राहो हा संसार.' काकांचा मजला आला, दार उघडलं, मिटलं. हातात पडवळ, नजर समोर. कडवं संपेपर्यंत आम्ही दोनदा वरखाली झालो.

"जरा भरभर म्हणा हो," ते ओठ न हलवता म्हणाले, "गुडघे दुखतात."

हे गीत मुळात सूचनापेटीत निनावी, टाइप केलेलं सापडलं. ए विंगच्या परबांनी हार्मोनियमवर त्याला चाल लावली आणि हळूहळू शब्दही आपलेच म्हणायला लागले. त्यावर काकांचं एकच पालुपद, "शब्द परबाचे नाहीत. पुरावा आहे." तो कुणी पाहिला नव्हता. काकांना स्वतःचं नाव लावायचंय, अशी आमची ठाम समजूत.

यंदा फाटकाशी गीताची संगमरवरी पाटी बसवायचं ठरलं, कवीच्या नावासकट. सभेत परब म्हणाले, "माझं नाव घाला आणि विषय मिटवा."

काका उठले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक पिवळा कागद काढला. किराण्याची यादी. वर तूरडाळ, साबण, 'सुपारी नको, यांना खोकला आहे'. खाली खाडाखोड करत लिहिलेलं सबंध गीत.

परबांनी चष्मा लावला. "अहो, हे तर वहिनींचं अक्षर."

कर्णिकवहिनींना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"मग? माझं आहे असं मी कधी म्हटलं?"

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तिने शपथ घातली होती. नाव कळलं तर लोक हसतील म्हणाली." काका यादीची घडी घालत होते. "गप्पच राहिलो असतो. पण दगडात दुसऱ्याचं नाव? रोज तिथूनच दूध आणायला जातो मी."

परबांनी सेक्रेटरीच्या कागदावरचं आपलं नाव स्वतः खोडलं.

सव्वीस जानेवारीला आधी देशाचं झालं, मग आमचं. पाटीवर 'मालती कर्णिक'. परब हार्मोनियमवर. चारही विंगा कागद न बघता गायल्या. गीत संपलं, मंडळी चहाकडे वळली. काका अजून पाटीसमोर सावधानमध्येच. आणि एकदम मोठ्याने म्हणाले,

"अगं, सगळ्यांना पाठ आहे."