बाकावर बसायची पैज

त्या बुधवारी मी ठरवलं, आज काही झालं तरी बाकावरून उठायचं नाही. त्यात काय एवढं, म्हणाल तुम्ही. पण मी पडलो अमेरिकन बाप! आमच्या ओहायोत बाप पोरांबरोबर झोक्यावर बसतो, वाळूत लोळतो, पोरगी नुसती शिंकली तरी टाळ्या वाजवतो. इथे फ्रान्समध्ये, आमच्या नान्त शहरात, आईबाप पायावर पाय टाकून बाकावर गप्पा मारतात आणि पोरं आपली आपली खेळतात. (रडली तरी कोणी धावत नाही. आधी थांबायचं, मग बघायचं.)

पैज लागली होती बायकोशी, सोलेनशी. आमची क्लेमांस पाच वर्षांची. तिच्या वर्गाची सहल निघाली होती समुद्रकाठी, पाच दिवस, आईबापांशिवाय!

"अगं, तिचे अजून दुधाचे दात आहेत!" मी ओरडलो.

"मग? सगळ्या वर्गाचेच आहेत," सोलेन म्हणाली.

शेवटी ठरलं. बागेत तासभर मी बाकावरून हललो नाही, तर क्लेमांस घरी राहणार. उठलो, की सहल पक्की. पंच म्हणून आल्या सासूबाई, मादाम ओदील, विणकाम घेऊन.

"जावईबापू, बुडाखाली गोंद लावू का?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

मी बसलो. बाकाची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो! माझं मलाच कौतुक वाटायला लागलं होतं, तेवढ्यात क्लेमांस त्या उंच, नळकांड्यासारख्या बंद घसरगुंडीत शिरली. शिरली ती शिरलीच.

"सोलेन, ती बाहेर आली नाही!"

"येईल."

"आत अडकली असेल!"

"वॉरन, बस खाली."

(म्हणजे तोवर मी उभा राहिलो होतो. कधी, ते देवाला ठाऊक.) आता पैज हरलोच होतो, मग काय! धूम ठोकली, मागची शिडी चढलो आणि डोकं पुढे करून त्या नळकांड्यात सूर मारला. आत क्लेमांस नव्हती. मी शिडी चढत होतो तेव्हाच ती खालून बाहेर पडली होती. आणि वळणावर मी असा काही अडकलो, की ना पुढे, ना मागे!

"वाचवा!" मी बोंब ठोकली.

"आजी, बाबा आत ओरडतायत," बाहेरून क्लेमांसचा आवाज.

"लगेच धावायचं नाही हं," सासूबाई म्हणाल्या. "आपले आपण गप्प होतात का बघू."

तोवर वर पोरांची रांग लागली. माझ्या बुटावर कोणीतरी टकटक केलं. "नमस्कार, काका. आमचा नंबर कधी येणार?"

"अरे, तुझ्या आईला बोलाव!"

"काका, तुम्ही नमस्कार नाही म्हणालात."

म्हणालो, बाबा! उलटा लटकून, घामाने निथळत, नमस्कार म्हणालो! तेवढ्यात खालून सरपटत क्लेमांस आली आणि माझ्या नाकासमोर शांतपणे बसली.

"बाबा, घाबरू नका. खिसे रिकामे करा."

खिशांत बिस्किटांचे पुडे होते, मलमपट्ट्या होत्या, ओले रुमाल होते, जंतुनाशकाची बाटली होती. (बापाने तयारीत नको राहायला?) तिनं एकेक वस्तू ओढून खाली सोडली, आणि मी सुळकन घसरलो तो थेट सासूबाईंच्या पायाशी! त्यांनी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्या पुड्यांकडे बघत होत्या.

"साडेचारच्या आधी बिस्किटं?" त्या थरथरत्या आवाजात म्हणाल्या. (इथे पोरांचा खाऊ म्हणजे साडेचारलाच, त्याआधी चुरासुद्धा नाही.) "सोलेन, मुलीला पाच नाही, दहा दिवस पाठव!"

सोमवारी बस सुटली. क्लेमांस खिदळत होती आणि मी फुटपाथवर हमसून हमसून रडत होतो.

दुसऱ्याच दिवशी शाळेच्या बाईंचा फोन! मी उडालोच. "बघ सोलेन, बघ! पोरगी रडतेय! मी म्हटलं नव्हतं? निघालो मी आणायला!"

"तसं नाही, साहेब," बाई अवघडून म्हणाल्या. "क्लेमांस मजेत आहे. तुम्हाला एकट्याला करमत नसेल, तर तुम्हाला इथे आणू या, असा तिचा सारखा हट्ट चाललाय. मी तिला समजावलं, पण म्हटलं तुम्हालाही कळवावं. माफ करा, इतक्या लहानांना आम्ही सहलीला घेत नाही."