धाकलूचा बांध

धाकलूच्या आणि येसाजीच्या शेतांमधला बांध रात्री फुटला आणि वरच्या अंगाच्या धाकलूच्या शेतातलं पाणी खाली येसाजीच्या ताज्या लावणीवरून गेलं. एवढंच घडलं होतं. पण धाकलूची लेक बुधी येसाजीच्या पोराला, गजाला दिलेली; सुपारी फुटून महिनाही झाला नव्हता.

सकाळी भागूबाईने पाणवठ्यावर सांगितलं, "धाकलूचा बांध फुटला." देवळापर्यंत जाईतो "धाकलूनं बांध फोडला" असं झालं, आणि बातमी खालापूरच्या बाजारात पोचली तेव्हा धाकलूने व्याह्याला पार बुडवलं होतं.

"असल्या घरची पोर आपल्याला नको," येसाजी चावडीवर म्हणाला.

धाकलूच्या घरी सोनुबाईने नवऱ्याला विचारलं, "अवं, तुमी फोडला का बांध?"

"आठवत नाय गं. पन समदी म्हनतात."

"समदी काय तवा तिथं व्हती?"

 दुपारपासून धाकलूला हातात कुदळ धरल्याचंही आठवायला लागलं होतं.

संध्याकाळी पाटील आणि चार जाणती माणसं बांधावर जमली. धाकलू कबुली द्यायला तोंड उघडणार, तोच सोनुबाईने चिखलात हात घालून एक खोइन ओढून काढली. बांधाला खाच पाडून तिच्यात मासे धरायला लावतात, ती बांबूची टोपली. गावात ज्याची त्याची वीण ओळखू येते. हिच्या तोंडाशी तर येसाजीच्या जुन्या मुंडाशाची पट्टी बांधलेली होती. आत दोन मासे होते.

पाटलांनी येसाजीकडे पाहिलं. त्याने घसा खाकरला.

"खाच व्हती बारकी. मंग ती वाढली."

"पन पाडली कुनी?"

"पडली," येसाजी म्हणाला.

कोणी हसलं नाही. धाकलूच हळू आवाजात म्हणाला, "पाऊसबी लय व्हता, पाटील. बांध फुटला म्हना."

येसाजीने खाली माशांकडे पाहिलं. "लगीन ठरल्यापरमानं," एवढंच पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी येसाजी बांध घालायला लागला. एकट्याला कसा उरकेल, म्हणून धाकलूही कुदळ घेऊन उतरला. वाटेने भागूबाई चालली होती.

सांजेला सोनुबाई पाणी घेऊन आली ती घागर आदळतच.

"गावात म्हनतात, येसाजीनं तुमच्याकडनं बांध घालून घेतला."

धाकलू तळहातावरचे फोड बघत बसला होता.

"घेतला असंल गं," तो म्हणाला.