कुसुंब्याचं भुंकणं

कुसुंबे गावची कुत्री भुंकत नाहीत. करारानुसार आमच्या वतीनं राजपेठ भुंकते. राजपेठ मोठी, तिची कुत्रीही दांडगी, आणि नदीपलीकडचं भैरवपूर त्यांना बिचकून असतं. आमच्या आजोबांनी सही केली तेव्हापासून आमची कुत्री नुसती शेपूट हलवतात.

यंदा उन्हाळ्यात भैरवपूरची माणसं भर दुपारी नदी उतरून आली आणि आमच्या गायरानात खुंट ठोकू लागली. शेळ्या राखणाऱ्या अनसूया कारंडेनं अडवलं, तर हे गायरान आजपासून आमचं, असं तिला सांगून शेळ्या हाकलून दिल्या. गावातली सगळी कुत्री तिथे जमली होती. त्यांनी पाहुण्यांचे हात चाटले.

सरपंच इंदुमती गव्हाणे तडक राजपेठेला गेल्या. तिथले भुंकणे-अधिकारी निंबाळे यांनी चहा मागवला. झाल्या प्रकाराचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. भुंकायला तत्त्वतः मंजुरी आहे, म्हणाले, पण सध्या भैरवपुराशी कांद्याची बोलणी चालली आहेत, त्यात मोठा आवाज बरा दिसत नाही. पुढेमागे एक मध्यम गुरगुर देता येईल. तीही कुसुंब्यानं भैरवपूरच्या बाजारात ज्वारी विकणं थांबवलं तर.

“म्हणजे तुम्ही कांदा विकायचा आणि आमची ज्वारी घरात किडू द्यायची?” इंदुमतीबाईंनी विचारलं.

निंबाळे समजुतीनं म्हणाले, “बाई, भुंकणं हे असण्यासाठी असतं. वापरण्यासाठी नव्हे.”

“मग आमचं आम्ही भुंकतो.”

निंबाळ्यांनी कप खाली ठेवला. तसं केलंत तर राजपेठेच्या मनाला फार लागेल, म्हणाले. बाई चहा न घेताच उठल्या.

पण आमच्या कुत्र्यांना काही भुंकणं जमेना. बिचारी तोंड उघडायची आणि जांभई द्यायची. शेवटी इंदुमतीबाई स्वतः गायरानात गेल्या, पदर खोचला आणि भुंकू लागल्या. पाठोपाठ अनसूया. आम्हाला लाज वाटत होती, पण संताप त्याहून मोठा होता. सगळं गाव भुंकलं. भैरवपूरच्या मुकादमानं शांतपणे ऐकून घेतलं. आपल्याला न भुंकणाऱ्या गावाची जमीन घ्यायला पाठवलंय, तेव्हा वर विचारावं लागेल, असं सांगून तो माणसं घेऊन परत गेला. खुंट अनसूयेनं उपटले.

तेव्हापासून आम्ही रोज सकाळी गायरानात जाऊन भुंकतो. घसे बसतात, पण शेळ्या चरतात.

परवा निंबाळे जीपनं आले. कराराचा भंग झाल्याचं ते चावडीसमोर उभे राहून समजावत होते, तेवढ्यात अनसूयेच्या पायाशी बसलेलं एक तांबडं पिल्लू उठलं आणि त्यांच्यावर भुंकलं. पहिल्यांदा जरा चिरकलं. मग नीट भुंकलं.

निंबाळे जीपमध्ये चढले आणि काच वर करता करता त्याला आवरायला सांगू लागले.

“अजून शिकतंय ते,” इंदुमतीबाई म्हणाल्या. “त्याचं होऊ द्या पुरं.”