कान्नोनाऊला ओल्या पोत्याचा वास

एल्विराने ग्लासावर तळहात ठेवला आणि गोनारिओच्या घरातलं रविवारचं जेवण थांबलं.

सासरा गोनारिओ सुरई तिरकी धरून उभाच राहिला. सासू बोनारियाने मेंढीच्या रश्श्याचं भांडं टेबलावर टेकवायचं ते हातातच ठेवलं. नवरा बाकीस समोरच्या पातळ पावाकडे असा बघत बसला, जणू त्यावर काहीतरी छापलेलं असावं.

ओरुनेले गावात ग्लासावर हात ठेवण्याचा अर्थ एकच, वाईन वाईट आहे. दुसरं कारण तिथे कुणाला सुचतच नाही. पोट बिघडलं तर कान्नोनाऊ ही गावची लाल वाईन, सर्दी झाली तर गरम करून कान्नोनाऊ. गावचा डॉक्टरसुद्धा आधी रोग्याच्या घरचा अर्धा ग्लास घेतो आणि मग नाडी बघतो. प्रत्येक घराला स्वतःचा मळा, स्वतःचं पिंप आणि शेजाऱ्याच्या पिंपाविषयी स्वतःचं ठाम मत.

एल्विरा दूरच्या तुरिन शहरातली. लग्न होऊन आली त्या वर्षी द्राक्षं तोडायच्या आधी गोनारिओने तिला मळ्यात नेऊन वेलींची ओळख करून दिली होती, अगदी घरातल्या थोरामोठ्यांशी करून द्यावी तशी. गुडघ्याएवढ्या बुटक्या, पीळ पडलेल्या वेली. "हे कान्नोनाऊ. पान उलटून बघ, खालून गुळगुळीत, लव नाही. घड कसा घट्ट बसलाय बघ. वाईन रंगाने फिकी उतरते म्हणून फसू नकोस. बोलते हळू, पण उठायला गेलीस की कळतं काय बोलली ते." तेव्हापासून दर रविवारी ती एक ग्लास घ्यायची आणि म्हणायची, "बाबा, गेल्या वर्षीपेक्षा चांगली." गोनारिओला आठवडाभर तेवढं पुरायचं.

आणि आज नव्या वाईनचं पिंप पहिल्यांदा उघडलं, तर हिचा ग्लासावर हात.

खरं कारण एल्विरा आणि बाकीस या दोघांनाच ठाऊक होतं. दहावा आठवडा चालू होता. मागच्या खेपेला बातमी सहाव्या आठवड्यातच फुटली. गावातून नऊ स्वेटर विणून आले, आणि मग पंधरा दिवसांत सगळं संपलं. ते इवलेसे स्वेटर परत द्यायचे की ठेवायचे, हे कुणाला विचारावं तेही तिला कळेना. या वेळी तीन महिने भरल्याशिवाय घरातसुद्धा बोलायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं. अजून सतरा दिवस.

"काय कमी पडलं तिच्यात?" गोनारिओने विचारलं. त्याचा आवाज मऊ होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"कमी कुठे? ओता ना थोडी. मी आधी वास घेते." एल्विराने ग्लास नाकाशी धरला आणि जितका वेळ काढता येईल तितका काढला. शेवटी काहीतरी बोलणं भागच होतं. "मागून कुठून तरी ओल्या पोत्याचा वास येतोय का, बाबा?"

असा काही वास येत नव्हता. तोंडाला आलं ते ती बोलून गेली. बाकीसने डोळे मिटून घेतले.

गोनारिओने ग्लास घेतला, हुंगला. सुनेकडे बघितलं. मग तळघरात उतरला. दहा मिनिटांनी वर आला तो हात पुसत.

"पोरगी बरोबर बोलते. बुचाभोवती पोत्याचा तुकडा होता, कुजलेला."

"बुचाला पोतं कधीपासून गुंडाळायला लागलात तुम्ही?" बोनारियाने विचारलं.

"तू रस्सा वाढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिसिन्नो दारात हजर. त्याचा आणि गोनारिओचा मळा बांधाला बांध लागून, आणि गेली चाळीस वर्षं दोघंही एकमेकांच्या वाईनला खोकल्याचं औषध म्हणत आलेले. त्याने कोटातून बाटली काढली.

"तुझा सासरा चौकात सांगत सुटलाय, सुनेला नाक आहे म्हणून. पिंपातलं पोतं ओळखलं म्हणे. माझा विश्वास नाही. पण आलोच आहे, तर हुंग."

"नुसती हुंगली तर चालेल ना, काका?"

"जाणकार पीतच नाहीत. हुंगतात आणि तोंड वाकडं करतात. टीव्हीवर बघितलंय मी."

सिसिन्नोकडे दोनशे मेंढ्या. एल्विराने फार धोका पत्करला नाही. "मेंढी," ती म्हणाली.

सिसिन्नो खुर्चीत बसला. मग हळूच म्हणाला, "पिंपामागे लोकर वाळत घातलीय. कुणाला बोलू नकोस. तुझ्या सासऱ्याला तर अजिबात नको."

गुरुवारपर्यंत अंगणात बाहेरून खुर्च्या आणून मांडाव्या लागल्या. लोक मांडीवर बाटली घेऊन दवाखान्यात बसावं तसे बसत. एल्विरा कुणाला मर्टलच्या रानझुडपाची फळं सांगे, कुणाला सुके आलुबुखार, कुणाला घोड्याचं खोगीर, आणि लोक मान डोलावत घरी जाऊन खोगीर हलवत.

"काल तू आन्तोनिका मावशीला म्हणालीस, वाईनला चर्चमधल्या धुपाचा वास येतो," बाकीस म्हणाला. "तिचं तळघर खरंच चर्चच्या भिंतीला लागून आहे. कसं कळलं तुला?"

"या गावात सगळंच कशाला ना कशाला लागून आहे. काहीही म्हटलं तरी चालतं."

"सांगून टाकू या का?"

"अजून तेरा दिवस." तिने पोटावर हात ठेवला आणि कुणी बघत नाही ना, म्हणून खिडकीकडे बघितलं. खिडकीत बाटली घेऊन एक म्हातारा उभा होता. तिने तो हात पोटावरून काढून कमरेवर ठेवला आणि पाठ दुखत असल्यासारखं केलं.

मग संत आन्तोनिओचा दिवस उजाडला. त्या दिवशी चौकात ओंडक्यांचा मोठा जाळ पेटतो आणि प्रत्येक घर आपली नवी वाईन सगळ्यांना पाजतं. तीन महिने भरायला चार दिवस उरले होते. एल्विरा डोकं दुखतंय म्हणणार होती, पण गावाने तिच्यासाठी जाळाजवळ गादीची खुर्ची ठेवली होती. समोर चरबी टपकणारं डुकराचं पिल्लू भाजत होतं, धूर नेमका तिच्याकडे येत होता, आणि सगळ्यांच्या देखत गोनारिओने आपली सुरई पहिली पुढे केली.

एल्विराने ग्लास नाकाशी नेला मात्र, तिने दुसऱ्या हाताने तोंड दाबलं. ती धावत ओंडक्यांमागे गेली. पुढचं सगळ्या चौकाला ऐकू आलं.

आन्तोनिका मावशीच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडू लागला. "अगं बाई," ती शेजारणीला म्हणाली, "ही तर..."

"वाईन बिघडलीय," गोनारिओ मोठ्याने म्हणाला. "माझी वाईन. तळापर्यंत बिघडलीय." त्याने टोपी डोक्यावर ओढली आणि तो घराकडे चालू लागला.

गोनारिओच्या तोंडून असं वाक्य गावाने कधी ऐकलं नव्हतं. मावशी पुढचं बोलायचंच विसरली.

एल्विरा तोंड पुसत त्याच्या मागे पळाली. तळघरात पोचली तेव्हा तो पिंपापुढे बसला होता आणि त्याचा हात तोटीवर होता. सहाशे लिटर, अख्ख्या वर्षाची मेहनत.

"सोडू नका बाबा. वाईन चांगली आहे. खोट माझ्यात आहे, म्हणजे खोट नाही, मी..."

"बोलू नकोस," गोनारिओ म्हणाला. "चार दिवस राहिलेत ना?"

एल्विरा पायरीवरच बसली.

"चार नाही, तीन. आजचा धरायचा नाही," तो म्हणाला. "तू ग्लासावर हात ठेवलास त्या दिवशीच ओळखलं, आणि तुमचं ते तेरा दिवस कानावर पडल्यापासून मोजतोय. माझ्या पिंपात पोतं? बूच ओकाच्या सालीचं आहे, माझ्या बापाने कापलेलं. म्हटलं, गावाला हुंगायला काहीतरी दिलं की पोरीच्या पोटाकडे कुणी बघणार नाही. या खेपेला स्वेटर उशिरा आले तरी चालतील."

तो उठला आणि द्राक्षांचा चोथा धुतलेल्या लालभडक पाण्याच्या दोन बादल्या त्याने दारापाशी ओढल्या. "आता रड थोडी. बाहेर ऐकू जाऊ दे. पिंप ओतून दिलं असं वाटायला हवं."

"मला रडायला येतंच आहे, बाबा."

"मग झालं तर."

दोन्ही बादल्या दाराबाहेर रित्या झाल्या. लाल ओहोळ उतारावरून वाहत चौकाच्या तोंडाशी गेला. मागोमाग आलेल्या माणसांनी टोप्या काढल्या. आन्तोनिका मावशीने छातीवर क्रूस काढला.

सिसिन्नो सगळ्यांत पुढे होता. तो वाकला, ओहोळात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. नुसतं पाणी. त्याने वर दाराकडे बघितलं. आत सुनेचं रडणं ऐकू येत होतं आणि सासऱ्याचं तिला पाणी पी, पाणी पी म्हणणंही.

मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि मागच्या गर्दीला म्हणाला, "वाईनच आहे. पार वाया गेलेली." चाळीस वर्षं हे वाक्य त्याला म्हणायचं होतं. चेहरा पाडून, अगदी सावकाश, त्याने ते आणखी एकदा म्हटलं आणि सगळ्यांना हाताने मागे ढकललं. "चला, चला इथून. माणसाला घटकाभर एकटं राहू द्या."