गोविंदराव मुन्शी आणि समोरचा माणूस

आमच्या शेजारच्या गोविंदराव मुन्शींकडे तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला आधी आरोपी व्हावं लागे.

मुलांनो, परवाच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की, गोष्ट कोण सांगतंय यावर तिचा अर्थ कसा बदलतो, हे सध्या वर्गात शिकवताहेत. वाचून मला हसू आलं. हा धडा मी औरंगाबादेत, कचेरीबाहेरच्या लिंबाखाली, वयाच्या बाराव्या वर्षी घेतला आहे. शिकवणारे होते हे गोविंदराव.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं आणि कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले. लोकांना उर्दू लिहिता येत नसे. मग ते लिंबाखाली बसलेल्या अर्जनवीसांकडून अर्ज लिहून घेत. तिथं पाच-सहा अर्जनवीस बसत. बाकीचे ऐकत आणि लिहीत. गोविंदराव ऐकत, बोरू खाली ठेवत, पानाचा डबा उघडत आणि म्हणत, "हां. ये तो इधर का हुआ. अब उधर से बोलो."

म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्या तोंडून आता सगळं सांगायचं.

एकदा खुलताबादेहून एक रहीमबी आल्या. शेजारणीच्या बकरीनं त्यांची मिरचीची रोपं खाल्ली होती. त्यांनी बकरीचा, शेजारणीचा आणि शेजारणीच्या माहेरचा यथास्थित उद्धार केला. गोविंदरावांनी नेहमीप्रमाणे उधर से बोलायला सांगितलं.

"मैं काएकू उसके मुँह से बोलूँ? मेरे मुँह को क्या हुआ?"

"कुछ नहीं हुआ बी. जरा दो मिनट उसको उधार दो."

रहीमबी चिडून, शेजारणीसारखी मान वेळावून बोलू लागल्या, "बकरी तो बकरी है, माँ! उसको क्या मालूम किसकी मिरची. तुम्हारे बाड़े को दरवाजा हैच कहाँ? तीन साल से बोल रही मैं, दरवाजा लगाव, दरवाजा लगाव..." आणि एकदम थांबल्या. तोंडावर हात ठेवला. मग बुरखा सावरून उठल्या आणि चालू लागल्या.

"बी, अर्जी?" गोविंदराव मागून ओरडले.

"रहने दो! पहले दरवाजा बनवाती!"

असं वरचेवर व्हायचं. शेजारचे अर्जनवीस म्हणत, "मुन्शी, दुकान मांडलंय की मोडायला बसलाय?" गोविंदराव पान चघळत सांगत, "एका बाजूचा अर्ज म्हणजे एका कानानं ऐकलेलं गाणं." मात्र जो माणूस उधर से बोलूनही आपल्या म्हणण्यावर टिकायचा, त्याचा अर्ज ते असा लिहीत की समोरच्याला उत्तर सुचत नसे. तो काय म्हणणार, हे त्यांनी आधीच ऐकलेलं असे!

घरीही तेच. मी त्यांना वाघाची गोष्ट सांगायला लागले की विचारत, "आणि वाघिणीनं पोरांना हीच गोष्ट कशी सांगितली असंल?" त्यामुळं त्यांना गोष्ट सांगायला आम्हा पोरांना फार वेळ लागे.

त्या वर्षी दादांनी माझी शाळा बंद केली. दादा म्हणजे माझे वडील. तहसिलीत पेशकार होते, साहेबापुढं कागद ठेवायचं काम. छावणीच्या बाजूला मुलींची एक शाळा होती, तिथं मी इंग्रजी शिकत होते आणि त्यात पहिली आले होते. दादा एक दिवस म्हणाले, "झालं तेवढं पुरे." कारण सांगितलं नाही. मी रडले, जेवले नाही, आईनं मध्यस्थी केली. दादा बधले नाहीत. जूनमध्ये शाळा उघडायची होती आणि माझं नाव निघणार होतं.

मग मी विचार केला, दादा आयुष्यभर उर्दू कागदाचंच ऐकत आले आहेत. मी तडक लिंबाखाली गेले.

"काका, अर्ज लिहा."

गोविंदराव हसले नाहीत. कोरा कागद घेतला. "तक्रार कुणाची?"

"माझी."

"कुणाविरुद्ध?"

"दादांविरुद्ध."

"बस माय. सांग."

मी सगळं सांगितलं. हुशारी, पहिला नंबर, अन्याय. बोरू खाली गेला, पानाचा डबा उघडला. "अब उधर से बोलो."

मी तयारीतच होते. आवाज जाड करून म्हणाले, "मुलीच्या जातीला शिक्षण कशाला? चूल सांभाळ!"

"हे तुझे दादा नायत," गोविंदराव म्हणाले. "हा नाटकातला बाप झाला. असं कधी बोलले का ते?"

नव्हते बोलले. मला कबूल करावं लागलं.

"मग जा. आठ दिवस ऐकून ये. ते बोलतात ते ऐक, नाय बोलत तेबी ऐक."

मी रागानं घरी आले, पण दादांकडे बघायला लागले. पूर्वी कचेरीतून आले की मला हाक मारून दिवसभराच्या गमती सांगत. आता येत, चष्मा पुसत आणि पुसतच राहत. मी खोलीत आले की हातातला कागद घडी करून ठेवत. हे कधीपासून? मी मागं मागं जात राहिले आणि एका दिवसापाशी येऊन थांबले. तारेच्या दिवसापाशी.

पुण्याहून मामाची तार आली होती. इंग्रजीत. ओसरीवर दादांच्या कचेरीतले दोघं-तिघं बसले होते. तार म्हटल्यावर सगळे घाबरलेले. मी ती वाचली, मामा गुरुवारी येतोय म्हणून मोठ्यानं सांगितलं, आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं. माझ्या लेखी हा माझ्या आयुष्यातला सर्वांत थोर दिवस होता.

मी पाटी घेतली आणि तोच दिवस दादांच्या तोंडून लिहिला. "तार आली. मी चष्मा लावला. मी वाचत होतो. माझ्या हाताखालची माणसं बसली होती. मुलीनं माझ्या हातातून तार ओढून घेतली."

पुढं मला लिहवेना.

पाटी नेऊन गोविंदरावांना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली. कोरा कागद परत गठ्ठ्यात ठेवला. "आता हा अर्ज माझ्याकडं कशाला? ज्याचा त्याला वाचून दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पूजेहून उठले, तेव्हा मी पाटी पुढं धरली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली. मग म्हणाले, "मला आली असती वाचता. वेळ लागला असता, पण आली असती."

"व्हय दादा. माझं चुकलं."

ते चष्मा पुसू लागले. मग खाकरून म्हणाले, "उर्दू शिकशील का? रोज सकाळी. कचेरीत माझ्यासारखं अक्षर कुणाचं नाय."

जूनमध्ये मी शाळेत गेले. सकाळी दादांची उर्दू, दुपारी बाईंचं इंग्रजी. पुढं जन्मभर मी इंग्रजी शिकवलं, त्यावर तुमच्या आजोबांच्या बरोबरीनं घर चालवलं, आणि तुम्हाला आज सातासमुद्रापार पत्रं लिहिते आहे. दोघांनाही मी आजही रोज नमस्कार करते. आधी दादांना, मग गोविंदरावांना.

गोविंदरावांच्या बायकोबद्दल मी काही सांगितलं नाही, कारण गल्लीत कुणी बोलतच नसे. मी लहान असताना काकू गंगापूरला माहेरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. भांडण झाल्याचंही कुणी ऐकलं नव्हतं.

वर्षभरानं मला उर्दू अडखळत वाचता येऊ लागली. ते मिरवायला मी एका दुपारी गोविंदरावांच्या घरी गेले. त्यांनी बैठकीखालून एक कागद काढला. "वाच बरं."

मी एकेक अक्षर लावत वाचलं. "मी, गोविंदराव मुन्शी यांची पत्नी, नम्रपणे मांडते की..."

पुढं काही नव्हतं. त्यांनी दुसरा कागद दिला. तीच ओळ. तिसरा, चौथा, तसेच. काही कागद पिवळे पडले होते.

"पुढं काय, काका?"

"पुढं येत नाय माय. अख्ख्या जिल्ह्याचं उधर से लिहिलं मी. ती घरात काय बोलायची, तेच आठवत नाय. बोलत तर असंल. मी दमून यायचो, ऐकत नसंल."

मी तेरा वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. मी म्हणाले, "मग आठ दिवस ऐकून या."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी उठून घरी पळाले.

पण दोन दिवसांनी लिंबाखालची त्यांची जागा रिकामी होती. लोक येऊन बसत, वाट बघत, शेजारच्याकडून अर्ज लिहून घेऊन जात. आठवड्यानं गोविंदराव गंगापूरच्या मोटारीतून उतरताना दिसले. एकटेच. मी धावत गेले.

"काका, काकू बोलल्या?"

"बोलली की! लई बोलली. दोन दिवस नुस्ती बोलत व्हती."

"आणि तुम्ही?"

"मी ऐकत व्हतो."

"मग येणार का त्या परत?"

गोविंदराव थांबले. बोचकं त्यांनी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"ते इचारायचं राहूनच गेलं," ते म्हणाले.

शुक्रवारी कचेरीला सुट्टी असे. त्या शुक्रवारी सकाळीच ते गंगापूरच्या मोटारीत बसले. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी.