अस्वलाच्या दिवाणखान्यातलं इंजिन

एका जंगलात एक मोटार होती. हसू नका रे! कोल्हा बोलतो, ते बरं चालतं तुम्हाला. मोटार म्हटली की लगेच दात काढता.

तर मोटार होती. जुनी, अमेरिकेची, लालभडक. बॉनेट चांगलं चार हात लांब, त्यावर दोन पांढरे पट्टे. आत आठ सिलिंडरचं इंजिन. सुरू झालं की झाडावरची बोरं खाली पडायची. पेट्रोल कुठलं? मोहाची दारू प्यायची, तीही पहिल्या धारेची.

मोटार गेनू साळिंदराची. गेनू मेकॅनिक होता. कुणी आजारी पडलं की तो त्याला मोटारीत घालायचा आणि घाटापलीकडच्या वैद्यबुवांकडे न्यायचा. वैद्यबुवा म्हणजे म्हातारं कासव. ते स्वतः येईपर्यंत रोगी राहतोय कशाला!

मग एक वानर शहरात चार महिने राहून चित्रकार होऊन आलं.

"भिंतीवर मोर-हरणं? अरेरे!" ते म्हणालं. "हल्ली जुनी अमेरिकन मोटार लावतात."

झालं! भिंतीवर मोटार, उशीवर मोटार, पडद्यावर मोटार. सशीणबाईंनी तर लेकीच्या रुखवतात मोटार मांडली.

जंगलाचे मुखिया दाजीसाहेब अस्वल. त्यांनी अख्ख्या भिंतीएवढं चित्र सांगितलं. वानरानं खरी मोटार समोर उभी करून रंग कालवले. पण तिसऱ्याच दिवशी ते पाय आपटत आलं.

"दाजीसाहेब, काल कोल्ह्याला ताप, आज भेकराचा पाय मुरगळला. मोटार सारखी उठून जाते. मी चित्र काढू कसं?"

"इंजिन काढून ठेवा," दाजीसाहेब म्हणाले.

गेनू गयावया करू लागला. "साहेब, कुणाला बरं नसलं तर?"

"चित्र होईपर्यंत कुणी आजारी पडू नये."

इंजिन दाजीसाहेबांच्या दिवाणखान्यात गेलं. अस्वलीणबाईंनी त्यावर फुलदाणी ठेवली. गेनूला रडू आलं.

चित्राला दोन महिने लागले. तेवढ्यात तिघं आजारी पडले. दोघं पायी घाट चढून गेले. एक म्हातारा ससा पोचलाच नाही.

शेवटी चित्र पुरं झालं. दाजीसाहेबांनी मेजवानी दिली. सगळे वाहवा करत होते, आणि दाजीसाहेबांच्या घशात माशाचा काटा अडकला. डोळे पांढरे झाले.

"गे... गेनू! गाडी काढ!"

"गाडी आहे, साहेब. इंजिनावर तुमची फुलदाणी आहे. बसवायला अर्धा दिवस जाईल."

दाजीसाहेबांनी चक्क हात जोडले. "परत देतो! आईशप्पथ देतो! आत्ता ढकला!"

ढकलली. अख्ख्या जंगलानं ढकलली. सगळ्यात जास्त जोर गेनूचा. इंजिन मिळणार होतं ना! त्याच्या काट्यांच्या भीतीनं शेजारी कुणी उभं राहीना, तर एकट्यानं अर्धी मोटार रेटली. भेकर दुखऱ्या पायानं ढकलत होतं. मेलेल्या सशाची बायकोसुद्धा ढकलत होती.

घाटमाथ्यावर चाक खड्ड्यात आदळलं. जोराचा दणका बसला आणि काटा टुणकन बाहेर पडला.

दाजीसाहेबांनी तोंड पुसलं. आरशात बघून केस सारखे केले. मग मागे वळले. मागे सगळे धापा टाकत होते.

"बघितलंत? इंजिनाशिवाय आली की नाही वर? उगाच इतकी वर्षं मोहाची नासाडी!"

"साहेब, पण इंजिन?" गेनूनं विचारलं.

"फुलदाणी छान दिसते रे त्यावर."

दुसऱ्या दिवशी नव्या चित्राचा हुकूम निघाला. घाटमाथा, मोटार, आत दाजीसाहेब.

"आणि ढकलणारे?" वानरानं विचारलं.

"ते नकोत. लाल रंगाशी जात नाहीत."

तात्पर्य: इंजिन खुशाल दिवाणखान्यात ठेवावं. फक्त काटा कुणाच्या घशात अडकलाय, तेवढं बघावं. सशाच्या असेल तर गाडी बंद आहे.