चॉकलेट वितळविण्याचे यशस्वी प्रात्यक्षिक

कोणताही पदार्थ वितळविण्यासाठी तो आधी घट्ट असावा लागतो. एकोणीसशे अठ्ठावन्नच्या मे महिन्यात पनवेलच्या एका महिला मंडळापुढे नेमकी हीच अडचण उभी राहिली.

अध्यक्षा चंद्रावतीबाईंचा धाकटा भाऊ आनंदा मुंबईला बिस्किटांच्या कारखान्यात होता. त्याने आणलेली चॉकलेटची वडी एस.टी.तच, कोणाचीही परवानगी न घेता, त्याच्या सदऱ्यावर वितळली. पण निमंत्रणपत्रिकेत ‘वितळविण्याचे प्रात्यक्षिक’ असे छापलेले असल्याने हे वितळणे ग्राह्य धरता येईना. तेव्हा करंजा बंदराहून मासळीबरोबर आलेल्या बर्फात ठेवून चॉकलेट पूर्ववत घट्ट करण्यात आले. (वासाची नोंद घेतली नाही.)

पाहुण्या म्हणून प्रांतसाहेबांच्या पत्नी आल्या. त्या प्रसन्न झाल्या तर मंडळाला शिवणयंत्र मिळणार होते, आणि त्यावर पहिली बसणार होती गव्हाण गावची गुणाबाई. नवरा गेल्यापासून ती हाताने पोलकी शिवून दोन मुलींना वाढवत होती. ती मागच्या रांगेत, पदर सावरून बसली.

“ताई, पातेलं गरम पाण्यावर ठेव,” आनंदा कुजबुजला. “मंद आच. आत पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नकोस.”

“आता तू मला चुलीपुढे उभं राहायला शिकव!” असे म्हणून अध्यक्षांनी पातेले थेट स्टोव्हवर चढवले आणि जोरात पंप मारला. धूर निघाला. धूर शमावा म्हणून त्यांनी पेलाभर पाणी ओतले. त्याबरोबर चॉकलेटने रस्त्याच्या खडीचे रूप घेतले. खडीच्या वड्या थापून वर चारोळी लावण्यात आली.

पाहुण्यांनी घास घेतला. बराच वेळ चावला.

“वेगळीच चव आहे,” त्या म्हणाल्या.

“अगदी विलायती!” सगळ्या एकसुरात म्हणाल्या. तिघींनी कृतीही विचारली.

पाहुण्यांचे लक्ष मागे गेले. “तुम्हाला कशी वाटली?”

गुणाबाईने हातातली वडी उलटीपालटी केली. यंत्र कशावर अडले आहे ते तिला पुरते ठाऊक होते. ती अध्यक्षांकडे पाहून ओशाळून हसली, पण खोटे बोलायला जीभ वळेना.

“करपलीय, बाई. माझा भात लागतो तवा अशीच चव येते. आनि बोंबलाचा वास पन हाय.”

अध्यक्षांनी घाईघाईने स्टोव्हची हवा सोडली.

पाहुण्यांनी तरीही यंत्र मंजूर केले. मात्र जिला चॉकलेट कळत नाही तिच्या हाती परदेशी बनावटीचे यंत्र देणे धोक्याचे आहे, असा ठराव एकमताने झाला. यंत्र आज चंद्रावतीबाईंच्या दिवाणखान्यात, विणलेल्या झाकणाखाली, सुरक्षित आहे. गुणाबाईचीही काही तक्रार नाही. ती संध्याकाळी दिव्याशी सुई धरून दोरा ओवते तेव्हा डोळ्यांतून पाणी येते, ते धुरामुळे असावे.

पाहुण्यांनी परतताना गाढी नदीच्या पुलावर गाडी थांबवून मंडळाने सोबत दिलेला वड्यांचा डबा खाली सोडला, असे त्यांचा चालक सांगतो. (माशांचे म्हणणे घेतलेले नाही.)

वाचक हसले असतील तर आनंदच आहे. मागच्या दिवाळीत शेजारणीच्या चकल्यांना आपण “वा, काय खुसखुशीत!” म्हणाला होतात. यंदा त्यांनी खास आपल्यासाठी दुप्पट केल्या आहेत.